मिरीला कोण भरवतंय?

४ फेब्रुवारी

वहिनी,

परवा फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीत आणि शेवटी फोन आपटलात. म्हणून लिहितेय. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

काल आईचं पत्र आलं. सोबत मिरीचा फोटो. पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही आपली मिरी? काळीभोर, मिऱ्याच्या दाण्यासारखी तुकतुकीत? पोटावरचे केस गेलेत, मागच्या पायांशी कातडं लालबुंद, कान आतून सोललेले, आणि गळ्यात तो प्लॅस्टिकचा कर्णा! पाच किलोची इवलीशी कुत्री ती. आईनं लिहिलंय, "बिचारी दिवसभर खाजवते. आता तिला माझ्या पलंगावर चढायलाही बंदी आहे. पण तू वहिनीला काही बोलू नकोस." आई असं लिहिते तेव्हा मी बोलायलाच हवं असतं, हे मला चांगलं कळतं.

बाबा गेल्यावर आई घर बंद करून तुमच्याकडे आली त्याला चौदा महिने झाले. येताना तिनं दोन बॅगा आणल्या आणि मिरी आणली. बाकी सगळं वाटून टाकलं. त्या घरात सहा वर्षांत मिरीनं कधी अंग खाजवलं नाही. तुमच्याकडे येऊन वर्षभरात तिची ही दशा झाली. याचा अर्थ काय घ्यायचा, तुम्हीच सांगा.

दादाला विचारलं तर तो म्हणतो, "तुम्ही दोघी बघून घ्या, मला लिफ्टी दुरुस्त करू द्या." म्हणजे त्यानं नेहमीसारखे कानांवर हात ठेवले.

मी मिरीसाठी लोकरीचं स्वेटर पाठवतेय, स्वतः विणलंय. निदान ते घाला, म्हणजे नखं लागणार नाहीत. आणि तो कर्णा काढा.

तुमची नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

एरवी मी तुम्हाला छोटी म्हणते. आज वन्सं म्हणतेय, त्यावरून काय ते समजा.

तुम्ही पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासता. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच तुम्हाला पगार मिळतो, हे मी विसरले होते. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. माझ्याही डोळ्यांना थोडंफार दिसतं.

मिरीला खाज सुटली तेव्हा पहिल्यांदा कुणाला दिसली? मला. ती पंजे चाटत बसायची, आणि आई म्हणायच्या, "स्वच्छतेची आवड आहे तिला." पंज्यांवरचे काळे केस चाटून चाटून तांबूस झाले तेव्हा मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ओल्या पांढऱ्या कागदावर तिचे केस विंचरले. काळे कण पडून त्यांचा लाल डाग पसरला तर पिसवा असतात. तसं काही निघालं नाही, तरी मानेवर औषधाचे थेंब टाकले. कानात बुरशी निघाली, तिचं औषध दिलं. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूची आंघोळ. फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा. कधी ओल्या कुत्रीला दहा मिनिटं धरून ठेवलंय? ती अंग झाडते आणि न्हाणीघराच्या छतापर्यंत फेस जातो. तो मीच पुसते. आई दाराबाहेर उभ्या राहून म्हणतात, "हळू गं, तिला लागतंय."

पलंगबंदी माझ्या लहरीनं नाही. आईंच्या जुन्या रजईत धूळ बसते, ती धुऊन येईस्तोवर आठ दिवस. कर्णा काढला तर एका तासात ती मांडी रक्ताळून ठेवते. तो काढा म्हणणं सोपं आहे, तुमच्या गावातून.

लोकरीचं स्वेटर परत पाठवतेय. डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "लोकर नकोच. खाज दुप्पट होईल." विणकाम सुरेख आहे, एवढं प्रामाणिकपणे सांगते.

आता खरं महत्त्वाचं. डॉक्टरीणबाईंना शंका आहे की तिला कुठल्या तरी खाण्याचीच अ‍ॅलर्जी असावी. सहा वर्षं चालली ती गोष्ट सातव्या वर्षी बाधू शकते, हे मलाही नवीन होतं. आता आठ आठवडे तिला तिनं कधीच न खाल्लेलं द्यायचं. उकडलेला मासा आणि उकडलेला बटाटा, बाकी कणभरही नाही. बिस्किट नाही, पाव नाही, चिकन नाही. एकदा जरी काही पोटात गेलं तरी आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सोमवारपासून सुरू केलंय. तेव्हा आईंच्या नावानं बिस्किटांचं पार्सल पाठवणं बंद करा. हात जोडते.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

बिस्किटं बंद केली. पण तुमचं पत्र वाचून वाटलं की मिरीवर उपकार चाललेत आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आईचं ताजं पत्र आलंय. तिला ऐकू कमी येतं म्हणून ती फोनवर बोलत नाही, पण पंधरा दिवसांनी तिचं पत्र चुकत नाही. लिहिते, "बिस्किटांच्या डब्याला आता कुलूप आहे. मी मिरीला हात लावला तरी सूनबाई माझ्या बोटांकडे बघते." वहिनी, आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या बोटांवर पहारा?

पुढे मात्र तुमचं कौतुक आहे, तेही कळवते, नाहीतर म्हणाल मी फक्त वाईट तेवढं वाचते. "माझं जेवण उत्तम चाललंय. दुपारी डबा झाकून ठेवून जाते, मी सगळा संपवते. ताट लख्ख करते." चला, आईला तरी पोटभर मिळतंय. कुत्रीला मात्र बटाटे.

तुम्ही दुकानातून काचेची पूड कपड्यांवर घेऊन घरी येता. त्यानं खाज सुटत नसेल कशावरून? डॉक्टरीणबाईंना हे सांगितलंत का? नसेल सांगितलं.

तुमची नणंद


२१ मार्च

वन्सं,

काचेच्या पुडीचं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. तरीही मी आता दारातच कपडे बदलते, म्हणजे तो मुद्दा तुमच्याकडे राहू नये.

आता ऐका, आणि उभ्या असाल तर बसा.

चौथ्या आठवड्यात मिरी सुधारत होती. पोटावर बारीक काळी लव उगवली होती. मी दुकानात सगळ्यांना सांगत सुटले होते. मग एकाएकी पुन्हा सुरू. कान लाल, पंजे ओले, अंगाला तो आंबूस वास. डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर फिरवून बघितलं आणि सरळ मला विचारलं, "घरात कोण भरवतंय हिला?"

मी म्हटलं, "कुणी नाही." त्या म्हणाल्या, "कुणीतरी आहे."

तुमच्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "मी सकाळी सातला जातो, मला स्वतःला खायला वेळ नसतो." शेजारणीला विचारलं, तिनं तोंड वाकडं केलं. आईंना विचारलं. त्यांनी मिरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "मी कशाला देईन?"

आणि मंगळवारी मिरी माझ्यासमोर स्वयंपाकघरात ओकली. त्यात चिकनचे तुकडे होते. आईंच्या डब्यातलं चिकन! तेही चावून चावून मऊ केलेलं. म्हणजे बाळाला भरवतात तसं आई आधी आपल्या दातांनी चावून तिला देतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच आठवडे मी रोज सकाळी मासे उकडते. बोटांचा वास जात नाही, गिऱ्हाईक चष्मा घालून बघताना नाक मुरडतं. आणि ह्या मूग गिळून बसल्या होत्या!

मी आवाज चढवला. कबूल करते. म्हटलं, "तुमच्या लाडांपायी तिची कातडी सोलून निघतेय, दिसत नाही का तुम्हाला?" आई नुसत्या रडल्या. त्या दिवसापासून माझ्याशी बोलतही नाहीत.

आता तुम्ही समजवा. तुमचं ऐकतात.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

समजवू? कुणाला समजवू?

माझ्या आईनं मिरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तरी तुम्ही तिला खोटी ठरवलंत. कुत्रीची ओकारी चिवडून पुरावे गोळा केलेत. त्या बाईनं चाळीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, तिच्यापुढे सगळा वर्ग चिडीचूप असायचा, आणि आज तिला तुमच्या स्वयंपाकघरात उभी करून उलटतपासणी? दिलं असेल बोटभर चिकन! तिचं स्वतःचं असं आता दुसरं कोण उरलंय?

तुम्ही म्हणता रडली. ती बाबांच्या वेळी रडली नव्हती, वहिनी.

ठरलं. १२ एप्रिलला मी गाडी घेऊन येते. आई आणि मिरी, दोघींना घेऊन जाते. माझी जागा लहान आहे, तिसरा मजला आहे, पण तिथं कुणी त्यांना गुन्हेगार म्हणणार नाही. दादाला मी कळवलंय. त्यानं "बरं" एवढंच उत्तर दिलं.

आईच्या बॅगा भरून ठेवा. मिरीची औषधं वेगळ्या पिशवीत, वर नावं लिहून. तेवढं उपकारादाखल करा.

तुमची नणंद


३ एप्रिल

छोटी,

बॅगा भरलेल्या नाहीत. का ते लिहिते. हे फोनवर सांगता येणार नाही, कारण बोलता बोलता मी रडेन आणि शेजारच्या खोलीतून आईंना ते दिसेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इतकी चिडले होते की म्हटलं, आता रंगेहाथ पकडायचंच. सोमवारी दुपारी दुकानातून तासभर सुटी घेतली. चपला हातात घेऊन, किल्ली हळू फिरवून घरात शिरले. चोरासारखी, माझ्याच घरात.

आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. पाठ दाराकडे. पुढ्यात मी ठेवलेलं जेवण वाढलेलं. मिरी खुर्चीपाशी, कर्णा वर करून बसलेली. आईंनी एक घास घेतला. चावला. खूप वेळ चावला. मग मान पुढे काढून गिळायचा प्रयत्न केला. पाणी प्यायल्या. घास जाईना. एका हातानं टेबलाची कड धरली, दुसरा छातीवर. खांदे वर आले. मग त्यांनी तोंडाशी रुमाल नेला, घास त्यात काढला आणि हात खाली सोडला. मिरीनं तो रुमालातून अलगद घेतला. आईंनी डोळे पुसले आणि पुढचा घास उचलला.

त्या लाड करत नव्हत्या, छोटी. त्यांना गिळता येत नव्हतं.

मी तिथंच मट्‌कन बसले. चपला हातातून पडल्या. आवाज त्यांना आला नाही, मिरी भुंकली तेव्हा त्यांनी वळून बघितलं. म्हणाल्या, "झालं तुझं समाधान?"

मी म्हटलं, "किती दिवस?"

"दिवाळखोराला तारखा विचारू नयेत."

अजूनही विनोद सुचतात त्यांना. मी हात धरून उठवलं. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. गेले दोन महिने त्या स्वेटरवर स्वेटर घालतात, मी समजत होते थंडी वाजते. काट्यावर उभं केलं. इथं आल्या तेव्हा चोपन्न किलो होत्या. आता एक्केचाळीस. मी त्याच घरात राहते, छोटी. रोज त्यांचा डबा भरते. संध्याकाळी ताट लख्ख बघून स्वतःवर खूश होते. मी पाच किलोच्या कुत्रीचं वजन दर शनिवारी लिहून ठेवलंय आणि आईंचं, त्या आल्या तेव्हानंतर, एकदाही केलं नाही.

काल डॉक्टरांकडे नेलं. अन्ननलिका कुठंतरी अरुंद झालीय म्हणतात. का, ते दुर्बीण घालून बघितल्याशिवाय सांगत नाहीत. ९ तारखेला तपासणी आहे. तोवर सगळं पातळ.

आता मला एक सांग. मी आईंना विचारलं, "का लपवलंत?" त्यांनी आधी मिरीला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "मी दवाखान्यात पडले की तू मिरीला बाहेर काढशील." मी म्हटलं, असं मी कधी बोलले? त्यांनी उशीखालून तुझं एक जुनं पत्र काढलं. ऑगस्टमधलं. त्यातलं वाक्य मी जसंच्या तसं उतरवते: "आई, तू हिंडतीफिरती आहेस तोवर ठीक आहे. उद्या तू आजारी पडलीस तर वहिनी सगळ्यात आधी मिरीला दाराबाहेर काढेल, लिहून ठेव."

त्यांनी खरंच लिहून ठेवलं, छोटी. मनात. आणि घास गिळता येईनासा झाला तरी तोंड उघडलं नाही.

तू हे लिहिलं होतंस?

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

हो. मीच लिहिलं होतं.

ऑगस्टमध्ये मी आले होते, तेव्हा तू मिरीच्या केसांवरून काहीतरी बोललीस. सोफ्यावर केस पडतात, असलंच काहीतरी. आता नीट आठवतही नाही. रागात घरी येऊन पत्र लिहिलं, पेटीत टाकलं आणि विसरले. दुसऱ्यांच्या मजकुरातला चुकीचा अनुस्वार मला दहा हातांवरून दिसतो. स्वतःचं वाक्य मी एकदाही तपासलं नाही.

"ताट लख्ख करते." तेही मी वाचलं आणि तुलाच टोमणा मारायला वापरलं. आईचं अक्षर जानेवारीपासून बारीक होत चाललंय, ओळी खाली उतरतायत. सगळी पत्रं काढून शेजारी शेजारी ठेवली तेव्हा आज दिसलं. माझा धंदाच तो आहे ना?

मला स्वतःचा इतका संताप आलाय की कुणावर तरी ओरडावंसं वाटतंय आणि समोर कुणी नाही. तुझ्यावर ओरडायची सवय झाली होती.

मी मंगळवारी पोचते. न्यायला नाही, राहायला. रजा टाकलीय. हे पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून आजच टाकतेय, कारण दारात उभं राहून तुझी माफी मागायला मला जमणार नाही. मी दुसरंच काहीतरी बोलेन, बॅग जड आहे वगैरे. तेव्हा हीच समज.

आईला सांग, मिरी कुठं जात नाही. नको, माझं नाव सांगून सांगू नकोस. तू सांग.

छोटी


१८ जून

छोटी,

तू गेल्यापासून घर फार शांत आहे. भांडायला कुणी नाही.

आधी आईंचं. नळी दुसऱ्यांदा रुंद केली. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, वाईट काही नाही, वर्षानुवर्षं पित्त वर येऊन जखम झाली, ती भरताना नळी आवळली गेली. गोळी रोज घ्यायची, कदाचित वर्षभरानं पुन्हा रुंद करावी लागेल. वजन सेहेचाळीस. तपासणीच्या सकाळी बाकावर तू माझा हात धरून बसली होतीस. माझी नखं तुझ्या तळव्यात रुतली तरी काही बोलली नाहीस, ते मी बघितलं होतं.

आता मिरी. आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले, आणि या वेळी खरेखुरे झाले. अंगभर केस आले, नुसती चकाकते. मग डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम थोडं चिकन द्यायला सांगितलं, खात्री करायला. मला तर हातच होईना. तिसऱ्या दिवशी कान लाल आणि पंजे तोंडात. म्हणजे चिकनच. आता जन्मभर बंद. मासे, बटाटे चालू. गवतातून फिरून आली की पोट खाजवते अजून, म्हणून पाय आणि पोट ओल्या फडक्यानं पुसते. पूर्ण बरी होईल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, आटोक्यात राहील म्हणतात.

राग मात्र माझ्या पोटातून जात नाही. तुझ्यावरचा गेला. माझ्यावरचा राहिलाय. "तुमच्या लाडांपायी" असं मी त्यांना बोलले. घास अडकलेल्या बाईला.

आईंना पातळ जेवणाचा भयंकर राग आहे. तुला लिहायला बसल्यात. तयारीत राहा.

वहिनी


२५ जून

चि. छोटीस,

तुम्हा दोघींचा मी जाहीर निषेध करते.

तुम्ही भांडत होतात तेव्हा या घरात मला थोडी तरी किंमत होती. आता तुमचं जमल्यापासून माझं कुणी ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले "मऊ खा", आणि सूनबाईनं त्याचा अर्थ "चव नसलेलं खा" असा लावलाय. काल मी म्हटलं, मला कडक भाजलेला पाव हवा. तर म्हणे, "छोटीला विचारते." छोटीला? तुझे दुधाचे दात मी दोऱ्यानं काढलेत!

शनिवारी आमचं वजन होतं. आधी मिरी, मग मी. दोघींचे आकडे एकाच कागदावर, फ्रिजच्या दारावर. आल्यागेल्याला दिसतात. दादा म्हणतो, "आई, मिरी तुझ्यापेक्षा नियमित आहे." त्याला लिफ्टमध्ये अडकवा कुणीतरी.

आता एक गोष्ट लिहिते. ती मी सूनबाईला सांगितली नाही, कारण ती लगेच रडते, आणि मग तिच्या हातची खीर खारट लागते.

मला माहीत होतं. पहिले काही दिवस नाही, पण नंतर कळलं. माझा रुमाल खाली गेला की दोन-तीन दिवसांत मिरी खाजवायला लागायची. मी चाळीस वर्षं शिवण शिकवलं, कुठला धागा ओढला की कापड कुठं गोळा होतं ते मला दिसतं. तरी मी देत राहिले. ताट भरलेलं परत गेलं असतं तर सूनबाईला कळलं असतं. कचऱ्यात टाकलं असतं तर तिनं बघितलं असतं, तिची नजर तुला ठाऊक आहे. मी स्वतःला म्हणत होते, हे मी मिरीसाठीच करते. आणि मिरी माझ्यासमोर अंग ओरबाडत होती. तुम्ही एकमेकींवर एवढ्या संतापलात, खरं कळल्यावर माझ्यावर कुणीच संतापलं नाही, म्हणून हे लिहिलं. हवं तर आता संताप.

त्या सोमवारी सूनबाई जमिनीवर बसली, तेव्हा मला वाटलं आता ओरडेल. तिनं आधी मिरीचं तोंड उघडून आतला तुकडा बोटानं काढला. मग माझं तोंड पुसलं. त्याच हातानं! मी किती ओरडले असते, पण घशात जागा नव्हती.

तेव्हा आता नीट वाच. मी काही इतक्यात जात नाही, पण कधीतरी जाईनच. माझ्यामागे मिरी सूनबाईची. तू मागायची नाहीस, न्यायला गाडी आणायची नाहीस, आणि यावर मला उलट पत्र पाठवायचं नाहीस.

पाव मात्र पाठव. कडक.

तुझी आई